कोकणात घर बांधताना: मॉड्युलर, चिऱ्याचं की कंटेनर?

प्रश्न असा आहे: गुहागर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) ८ गुंठे वडिलोपार्जित जागा, समुद्र सरळ रेषेत दीडेक किलोमीटर. निवृत्तीनंतर वर्षातले सहा-सात महिने नवरा-बायकोने राहायचं, गणपतीत आणि मे महिन्यात मुलं-नातवंडं येणार. ७०० चौरस फूट पुरे. घाटावरच्या एका विक्रेत्याने "४५ दिवसांत चावी हातात" म्हणत मॉड्युलर घराचं कोटेशन दिलंय, गावचा गवंडी म्हणतो चिऱ्याशिवाय, म्हणजे जांभ्या दगडाशिवाय, घर कसलं, आणि मुलगा कंटेनर सुचवतोय. काय करावं?

आधी उत्तर. या जागेवर कारखान्यात बनलेलं घर चालेल, पण आख्खी खोली ट्रेलरवर आणण्यापेक्षा सुटे भाग आणून जागेवर जोडलेलं. जोतं चिऱ्याचं आणि वर उतरतं छप्पर, हे दोन्ही इथल्या पद्धतीने. कंटेनर राहण्यासाठी घेऊ नका. गवंड्याचं म्हणणं चुकीचं नाही, पण तुमचा खरा प्रश्न भिंतीचा नाहीच. कोकणात हलकं घर बिघडतं ते तीन ठिकाणी: जोत्याशी बांधणी कमी पडते, पत्रा गंजतो आणि सांध्यातून पाणी येतं. भिंत पॅनेलची की चिऱ्याची, हा त्यानंतरचा विषय.

"मॉड्युलर" या एका नावाखाली बाजारात चार-पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात, म्हणून कोटेशन हातात आलं की आपल्याला नेमकं काय विकताहेत ते आधी ओळखा. खऱ्या अर्थाने मॉड्युलर म्हणजे भिंती, जमीन, छत, वायरिंग, कधी बाथरूमच्या फरशीसकट पूर्ण खोली कारखान्यात बनते आणि क्रेनने जोत्यावर ठेवली जाते. दुसरा प्रकार पॅनेलचा: लोखंडी सांगाडा आणि त्यात ५० किंवा ७५ मिमी जाडीची पफ पॅनेल, म्हणजे दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये फोम. साइट ऑफिससाठी पोर्टाकॅबिन म्हणून जे दिसतं, ते याच कुळातलं. तिसरा एलजीएसएफ, म्हणजे पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्रा वाकवून केलेल्या सी आकाराच्या काड्यांची चौकट, बाहेरून फायबर सिमेंट बोर्ड, आत बोर्ड किंवा जिप्सम, मधे रॉकवूल. चौथा थर्माकोलच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी जाळी लावून त्यावर सिमेंटचा फवारा मारण्याचा. आणि पाचवा प्रीकास्ट काँक्रीटचा, जो एका घरासाठी परवडत नाही. हे सगळं तंत्र नवखं आहे असं नाही. केंद्राच्या लाइट हाऊस प्रकल्पांत २०२१ पासून आगरतळ्याला एलजीएसएफ, रांचीला प्रीकास्टच्या पूर्ण खोल्या आणि इंदूरला सँडविच पॅनेल वापरून प्रत्येकी हजाराच्या आसपास घरं बांधायला घेतली. पण यातलं एकही शहर समुद्रकिनारी नाही. किनाऱ्यावरचा एकच प्रकल्प चेन्नईचा होता आणि तिथे प्रीकास्ट काँक्रीट निवडलं गेलं.

आता रस्ता. बहुतेक व्यवहार इथेच अडतात, आणि तेही ॲडव्हान्स दिल्यावर. विशेष परवानगीशिवाय रस्त्यावरून नेता येणाऱ्या गाडीची रुंदी मालासकट २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. त्यात भिंतींची जाडी वजा केली की आतली खोली पावणेआठ-आठ फुटांची राहते. म्हणूनच स्वस्तातलं मॉड्युलर घर रेल्वेच्या डब्यासारखं अरुंद वाटतं, त्यात डिझायनरचा दोष नसतो. १२ फूट रुंदीची खोली हवी तर ती जादा मापाचा माल म्हणून परवानगी काढून आणावी लागते. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत ती येईलही. पण पुढे गावात शिरताना दोन्ही बाजूंना गडगे, मधे दहा फुटांची पाखाडी, वर आंब्याची फांदी आणि महावितरणची तार. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर, त्यावर तीन मीटरची खोली, म्हणजे उंची सव्वाचार ते साडेचार मीटर झाली. विक्रेत्याचा माणूस मोटारसायकलवरून जागा बघून "गाडी येते" म्हणाला, तर त्याला अर्थ नाही. शेवटचे दोन किलोमीटर टेप घेऊन चालत मोजा: सगळ्यांत अरुंद जागा, सगळ्यांत खाली लोंबणारी तार आणि प्रत्येक काटकोनी वळण. ४० फुटी ट्रेलर वळत नसेल तर विषय तिथेच संपतो.

क्रेनचंही तसंच. गावात मिळते ती १२-१४ टनी हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन. हा आकडा क्रेनच्या तोंडाशी धरलेल्या वजनाचा असतो. बूम बाहेर काढून सहा-सात मीटरवर खोली ठेवायची म्हटली की क्षमता काही टनांवरच येते. त्या अंतरावर किती वजन उचलतं ते लोड चार्टवर बघा आणि खोलीच्या वजनाशी ताडून घ्या. क्रेन उभी राहील ती जमीन कातळाची असावी. भाताच्या मळ्यात तिची चाकं रुततात. याउलट पॅनेल किंवा एलजीएसएफचं सगळं सामान १७-२० फुटी साध्या ट्रकमधून येतं, दोन-चार माणसं हाताने उचलतात, क्रेन लागत नाही. तुमच्या जागेसाठी सुटे भाग म्हणतो त्याचं पहिलं कारण हेच.

वारा हे दुसरं कारण: जागेवर जोडलेली चौकट जोत्याला जागोजागी बांधता येते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातली छपरं उडाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनारा घासत वर गेलं. हलक्या घराच्या बाबतीत एक ढोबळ हिशेब प्रत्येकाने स्वतः करून बघावा. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आणि गोव्यासाठी ३९ दिला आहे. आपण मधले, म्हणून ४४ धरू. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६: साधारण ११६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ११८ किलो. छपराला वारा दाबत नाही, वर ओढतो. वाऱ्याकडचं दार-खिडकी फुटली तर आतूनही हवा ढकलते. दोन्ही मिळून १.२ पट धरा. साधारण २० बाय १२ फुटांची (६ बाय ३.६ मीटर), म्हणजे २१.६ चौरस मीटरची खोली घेतली तर ओढ येते ३,००० किलोंच्या आसपास. त्या खोलीवरचं पॅनेल आणि पर्लिन (छपराखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या) मिळून वजन भरतं साडेतीनशे-चारशे किलो. आख्खी पॅनेलची खोली, सांगाड्यासकट, तीनेक टन. थोडक्यात, नुसती ठेवलेली खोली वजनाच्या जोरावर जागेवर राहत नाही. भिंतीवरचा आडवा रेटा यात अजून धरलेलाच नाही. आणि सड्याच्या अगदी कड्यावर घर असेल तर वारा वर चढताना वेग घेतो. कोडात त्यासाठीचा गुणक १.३६ पर्यंत जातो, आणि दाब वर्गात वाढतो म्हणून १.८५ पट. कड्यावरून समुद्र छान दिसतो हे खरं, पण घर कड्यापासून जितकं मागे घ्याल तितकं बरं.

आता हे धरून ठेवायचं कशाने? विक्रेते बहुतेक वेळा सहा छोटे काँक्रीटचे ठोकळे सुचवतात, ३०० बाय ३०० बाय ६०० मिमीचे. एकाचं वजन १३५ किलो, सहांचं ८१०. खाली जमिनीत पसरट फुटिंग नसेल तर हे ठोकळे खोलीबरोबर वर येतील. त्याऐवजी चिऱ्याच्या जोत्यावर सलग प्लिंथ बीम, म्हणजे काँक्रीटची तुळई घाला, २३० बाय ३०० मिमी. त्याचं वजन मीटरला १७२ किलो भरतं. त्या एका खोलीच्या परिघाला १९ मीटर धरले तर ३,३०० किलो नुसता बीमच झाला, आणि तो जोत्यात आणि जोतं कातळात अडकलेलं. त्या बीममध्ये ओतकामाच्या वेळीच १६ मिमीचे, खाली वाकवलेले जे-बोल्ट सोडायचे: दर १.२ मीटरवर एक, शिवाय प्रत्येक कोपऱ्यापासून आणि दाराच्या दोन्ही बाजूंना ३०० मिमीच्या आत एक. बीमच्या तळाशी काँक्रीटचं आवरण राखून जमेल तितके खोल गाडलेले, आणि हॉट डिप गॅल्व्हनाइज केलेले, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले. बोल्ट लावताना प्लायवुडची फर्मा वापरा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कारखान्याची चौकट बसत नाही. मग माणसं बोल्ट हातोडीने वाकवतात किंवा सांगाड्याचं भोक गॅसने मोठं करतात, आणि नेमकी तिथली जस्ताची कातडी जळते.

कातळ वर आला असेल तर थेट जांभ्यात भोक पाडून केमिकल अँकर (रसायनाने चिकटवलेला बोल्ट) मारू, असं कोणी म्हणेल. जांभा आतून पोकळ, छिद्रांचा असतो, रसायन पोकळीत निघून जातं. त्यापेक्षा २० मिमीची सळी ६०० मिमी किंवा जास्त खोल घालून सिमेंट ग्राउट भरा आणि दोन-तीन सळ्या जॅकने ओढून तपासून घ्या.

खाडीच्या किंवा नदीच्या काठची जागा असती तर आणखी एक गोष्ट बघावी लागली असती. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणला पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी पाहिलंय. ३ टनांची, खालून पत्र्याने बंद असलेली २१.६ चौरस मीटरची खोली तळाच्या वर १४ सेंटीमीटर पाणी चढलं की तरंगायला लागते. जड घर पुरात भिजतं, हलकं घर सुटून जातं. तुमचा सडा आहे, तुम्हाला हा धोका नाही.

गंज हा सगळ्यांत मोठा विषय, आणि कोटेशनमध्ये त्यावर एकच ओळ असते: "गॅल्व्हनाइज्ड स्टील". गॅल्व्हनाइज्ड किती? एलजीएसएफच्या काड्यांवर सहसा २७५ ग्रॅमचा थर असतो. हे २७५ ग्रॅम दोन्ही बाजूंचे मिळून असतात, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. आयएसओ ९२२३ मध्ये हवेचे गंजप्रवण वर्ग दिले आहेत. त्यातल्या सी-४ हवेत जस्त वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन झिजतं, सी-५ मध्ये ४.२ ते ८.४. उघड्या सड्यावर, समुद्राचा वारा थेट घेणारी तुमची जागा सी-४ आणि सी-५ च्या सीमेवर धरावी. म्हणजे हवा लागणाऱ्या जागी तो २० मायक्रॉनचा थर पाच ते दहा वर्षांत, अगदी पाण्याजवळच्या वाडीत अडीच ते पाच वर्षांत संपतो. भिंतीत झाकलेल्या काडीला इतका मारा नसतो, पण सांध्यातून खारट दमट हवा आत जाते. जाड लोखंड घडवून झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलं तर थर ८५ मायक्रॉनच्या आसपास बसतो, म्हणजे चौपट. म्हणून खालची चौकट, खांब, बोल्ट, पर्लिन हे सगळं वेल्डिंग आणि भोकं पाडून झाल्यावर बुडवलेलं हवं. जागेवर वेल्ड करून वर चंदेरी रंगाचा फवारा मारणं म्हणजे नुसती धूळफेक आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते: पावसात भिजणारा पत्रा कमी गंजतो आणि पडवीखालचा, पाऊस न लागणारा पत्रा जास्त. मीठ दोन्हींवर बसतं, पण उघड्यावरचं पाऊस धुऊन काढतो. म्हणून वळचणीखालची पॅनेल, जाळ्या, एसीचं बाहेरचं युनिट ऑक्टोबर ते मे दर महिन्याला विहिरीच्या गोड्या पाण्याने पाइप मारून धुवा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते नको.

बारीकसारीक पण महागात पडणाऱ्या चुका अशा. पत्रा जागेवर ग्राइंडरने कापला की कड जळते आणि ठिणग्यांचे कण रंगावर चिकटून पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. कातरीने किंवा निबलरने कापा, आणि ड्रिलचा चुरा त्याच दिवशी झाडून काढा. साधे झिंकचे स्क्रू पत्र्याच्या आधी गंजतात आणि रबराचा वॉशर आधी मरतो, म्हणून किनाऱ्यासाठीचं जाड लेपन असलेले किंवा ३१६ स्टेनलेसचे स्क्रू मागा, ३०४ ला सुद्धा समुद्राजवळ तपकिरी डाग पडतात. गॅल्व्हल्यूमचा पत्रा, म्हणजे ॲल्युमिनियम-झिंकचा लेप, समुद्राच्या हवेत नुसत्या जस्तापेक्षा चांगला टिकतो, पण ओल्या सिमेंटला टेकला तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मधे डांबरी पट्टी घाला. आणि एसीच्या तांब्याच्या नळीचं पाणी त्या पत्र्यावर ठिबकू देऊ नका. त्याच रेघेत भोक पडतं.

पाणी. कारखान्याची खोली बहुधा सपाट छताची येते, कारण ट्रेलरवर उंची परवडत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात सपाट छत आणि दोन खोल्यांमधला सिलिकॉन भरलेला सांधा म्हणजे आमंत्रणच. सिलिकॉन उन्हाने आणि पत्र्याच्या आकुंचन-प्रसरणाने चार-सहा वर्षांत सुटतं. ते दुय्यम संरक्षण समजा. खरं संरक्षण म्हणजे पाणी सांध्यापर्यंत पोचूच न देणारं छप्पर. विक्रेता काहीही सांगो, वर वेगळं उतरतं छप्पर घ्याच: पत्र्याला निदान १५ अंश, कौलाला ३० च्या आसपास उतार. वळचण चारही बाजूंनी तीन ते चार फूट, नैर्ऋत्येकडे पडवी निघेल इतकी. इथला पाऊस आडवा मारतो. जुन्या घरांना पश्चिमेला झावळ्यांचे झाप बांधायचे ते या झडीसाठीच. तुम्ही त्या बाजूला खिडक्या कमी ठेवा आणि पावसाळ्यापुरते अडकवायचे शीटचे पडदे करून घ्या. वळचण वाढवली की वारा तिला खालून उचलतो, म्हणून पडवीचे खांबही बोल्टने जोत्याला बांधलेले हवेत, नुसते चिऱ्यावर टेकवलेले नकोत.

खिडकीच्या खालच्या कडेला बाहेर उतरता पत्रा, त्याला टोकाशी थेंबपट्टी, आणि पॅनेलच्या तळाला पाणी निघायला भोकं. ही भोकं रंगाऱ्याने पुटीने बुजवलेली सापडतात. पॅनेलच्या आत शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही, खालच्या चॅनेलमध्ये साचून राहतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि दहा वर्षांनी तळ खिळखिळा होतो.

उकाडा आणि ओल यांचा विचार एकत्र करा. "पफ पॅनेलमुळे एसीशिवाय थंड" ही जाहिरात घाटावरच्या कोरड्या हवेत निम्मी खरी आहे. आपल्याकडे अडचण घामाची, आणि त्यावर उपाय वारा खेळता ठेवण्याचा. समोरासमोर खिडक्या, उंच छत आणि छप्पर व खोलीच्या छतामध्ये मोकळी हवा हवी. ५० मिमीचं पॅनेल उष्णता अडवतं हे बरोबर, पण उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत पडवीने झाकली तर पॅनेलपेक्षा जास्त फरक पडतो. एसी लावणार असाल तर मात्र सावध राहा. जुलैत बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर २५ अंशांना बाष्पाचं पाणी होतं. तुम्ही खोली २३-२४ वर ठेवली की बाहेरची दमट हवा भिंतीच्या पोकळीत शिरून आतल्या बोर्डाच्या मागच्या, थंड बाजूवर ओलावते. समोरून भिंत कोरडी, मागून काळी बुरशी. थंड देशांतली घरं बाष्परोधक पडदा आतल्या बाजूला लावतात, तो नकाशा जसाच्या तसा उचलला तर कोकणात पाणी भिंतीतच कोंडतं. इथे तो बाहेरच्या बाजूला हवा. आत जिप्समऐवजी फायबर सिमेंट बोर्ड लावा. तुम्ही चार-पाच महिने घर बंद ठेवणार आहात, त्यामुळे वरच्या कडेला जाळीचे कायमचे उघडे झरोके ठेवणं सगळ्यांत महत्त्वाचं.

वीज: धातूचं घर, म्हणून सांगाडा दोन ठिकाणी अर्थ करा, बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. कातळावर अर्थिंगचा रोध सहजी कमी होत नाही. खड्डा मातीच्या ठिकाणी, अंगणात किंवा आगरात काढा आणि मीटर लावून आकडा बघा. थर्माकोलच्या पॅनेलमधून पीव्हीसीची वायर उघडी नेऊ नका, दोन्हींचा संपर्क झाला की वायरचं आवरण कडक होऊन तडकतं; पाइपातूनच न्या. वाळवी लोखंड खात नाही, पण दाराच्या चौकटी आणि प्लायची जमीन खाते, तेव्हा जोत्यात औषध मारणं इथेही चुकत नाही.

आता गवंड्याचा चिरा. चांगल्या चिऱ्याची भिंत वाऱ्याला जड आणि गंजाला निर्धास्त असते, आणि गावातला कोणीही ती दुरुस्त करू शकतो. आयएस ३६२० प्रमाणे चिरा निदान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमी दाब सोसणारा आणि १२ टक्क्यांपेक्षा कमी पाणी शोषणारा हवा. व्यवहारात खाणीवर दोन चिरे एकमेकांवर आपटून बघतात. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला किंवा हाताने पिवळी माती सुटली तर गाडी परत. काढलेला चिरा काही महिने हवेत राहिला की टणक होतो, म्हणून खाणीतून थेट भिंतीत नको. याची अडचण वेळेची. काम दिवाळीनंतर सुरू होतं, शिमग्यात आठ-दहा दिवस जातात, एप्रिल-मे आंब्याच्या हंगामात माणूस मिळत नाही आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं बंद. ७०० फुटांच्या घराला दोन हंगाम धरून चाला. लांबून देखरेख करणाऱ्याला तीनही लागतात.

स्लॅबचं घर हा तिसरा पर्याय, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण नातेवाईक सुचवतीलच. किनारी हवेसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाला एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिमी आवरण लागतं. गावाकडे एम २० आणि २५ मिमीत भागवतात, पंधरा-वीस वर्षांत सळी फुगून स्लॅबचे पापुद्रे पडायला लागतात. त्याआधीच गळती थांबवायला स्लॅबवर पत्र्याची शेड आलेली असते, म्हणजे छपराचे पैसे दोनदा.

कंटेनरबद्दल थोडंच. तळिये, इर्शाळवाडी अशा दुर्घटनांनंतर लोकांना तात्पुरतं कंटेनरमध्ये ठेवलं गेलं आणि त्या कामाला तो योग्य आहे: पटकन येतो, पटकन जातो. राहत्या घराला तो अरुंद पडतो. जहाजाच्या कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर, दोन्हीकडे ५० मिमी उष्णतारोधक लावला की २.२५. खिडक्यांसाठी नागमोडी भिंत कापली की ताकद जाते, तिथे चौकट वेल्ड करावी लागते, आणि त्याच कापलेल्या कडा आधी गंजतात. जुन्या कंटेनरच्या लाकडी जमिनीला कीटकनाशक पाजलेलं असतं, ती उखडून टाकावी. आंब्याच्या पेट्या, मजुरांची खोली, अवजारं यासाठी जरूर घ्या.

परवानगीचं एक वाक्य प्रत्येक विक्रेता म्हणतो: "हलवता येतं, म्हणून परवानगी लागत नाही." राहण्यासाठी जोत्याला बांधलेली, पाणी-वीज-संडास जोडलेली रचना बांधकामच धरली जाते. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीकडून सुरुवात. बाहेर असेल तर तलाठ्याकडून सातबारा काढून बिनशेतीची स्थिती तपासा, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर काम सोपं होतं का ते तहसील कार्यालयात विचारा. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर विकासाला बंदी आहे आणि खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. तुम्ही दीड किलोमीटरवर आहात, पण जवळून भरतीचं पाणी येणारा पऱ्या जात असेल तर नकाशा बघूनच पुढे जा. गृहकर्ज हवं असेल तर बँकेला आधी विचारा. पॅनेलच्या घराला अनेक बँका हात लावत नाहीत, आणि पुढे विकतानाही गावात त्याला चिऱ्याच्या घराचा भाव येत नाही.

"४५ दिवस" हे कारखान्यातले दिवस असतात. कोटेशनमध्ये सहसा नसतं ते असं: जोतं, वाहतूक, क्रेन, वरचं छप्पर, पडवी, सेप्टिक टाकी, पाण्याची जोडणी, मीटर, जीएसटी आणि कामगारांची राहण्या-जेवणाची सोय. हे सगळं मिळवल्याशिवाय चौरस फुटाचा भाव चिऱ्याच्या भावाशी लावू नका. सेप्टिकचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यातून पाणी फार लांब झिरपतं. विक्रेत्याकडून लेखी घ्यायच्या गोष्टी म्हणजे पत्र्याची जाडी आणि लेप ग्रॅममध्ये, पॅनेलच्या फोमची घनता (४० किलो प्रति घनमीटरच्या आसपास हवी), फोम आगीला कसा वागतो त्याचा चाचणी अहवाल, वाऱ्याच्या ४४ मीटर वेगाला केलेलं स्ट्रक्चरल डिझाइन इंजिनिअरच्या सहीनिशी, आणि त्या तंत्राचं बीएमटीपीसीचं (केंद्राच्या बांधकाम-तंत्र परिषदेचं) कामगिरी प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत. डिझाइनवर सही द्यायला जो कां-कू करतो, त्याच्याशी पुढे बोलू नका.

तुमच्या जागेसाठी मी असं करीन. परवानग्या पावसाळ्यात उरका. दिवाळीनंतर दोन-अडीच फूट उंच चिऱ्याचं जोतं, वर प्लिंथ बीम, बोल्ट सोडून. डिसेंबरअखेर ते तयार. त्याचं प्रत्यक्ष मोजमाप कारखान्याला पाठवा, चौकट त्या मापाने कापून घ्या, नकाशावरच्या मापाने नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये एलजीएसएफची चौकट, बाहेरून १० मिमी फायबर सिमेंट बोर्ड, मधे रॉकवूल. स्वयंपाकघर आणि न्हाणीच्या भिंती मात्र चिऱ्याच्याच, म्हणजे पाइपगळतीची चिंता नाही. पश्चिम आणि दक्षिणेला आठ फुटी पडवी, बुडवून जस्त चढवलेल्या खांबांवर. छप्पर एप्रिल संपायच्या आत बंद झालं पाहिजे. मे महिन्यात घराच्या प्रत्येक बाजूवर अर्धा-अर्धा तास पाइपने आडवं पाणी मारून सांधे तपासा, पावसाची वाट बघू नका. आणि करारात शेवटचे दहा टक्के गणपतीनंतर द्यायचे असं लिहून घ्या, कारण जुलैच्या झडीत जे दिसतं ते मे महिन्यातल्या पाइपने सगळं दिसत नाही.